धुराड्यावरचं मडकं

सगळ्यास्नी नमस्कार. मी हितलं सगळं वाचत असते, पर कवा लिवलं न्हाई. शिक्षान आठवीपतूर झालंय, त्ये बी रडतकढत, तवा काय चुकलं तर समजून घ्या... निम्मं बोटानं लिवलंय, निम्मं मोबाइलला बोलून. बाळ उठायच्या आत संपवायचं हाय.

आदीच सांगते, माजा असल्या गोष्टींवर काडीचा भरवसा नव्हता. माहेरला कुना बाईच्या अंगात आलं की बाकीच्या हात जोडून बसायच्या आनि मी मागल्या दारानं भांडी घासाय निगून जायची. हितल्या बी किती गोष्टी वाचून मी हसलीया. कुनाला पांढरी साडी दिसती, कुनाला पैंजण ऐकू येत्यात... आता मला कोन हसलं तर हसू द्या. माजी पोरगी मांडीवर झोपलीया, मला काय फरक पडत न्हाई.

तर झालं असं. आमचं गाव विट्यापासनं जवळ, माळावर. मालक गलाईचं काम करत्यात — म्हंजी सोनं गाळायचं — आमच्याकडली लय मान्सं त्याच कामाला देशभर पांगल्यात. ह्यांचं दुकान तिकडं उत्तरेत डोंगराकडं हाय, लय थंडी पडती तिथं. तिथल्या शेटच्या घरात भिंतीत शेगडी असती, त्यात लाकडं जाळून मान्सं म्होरं बसत्यात, चा पित्यात. ह्यांनी ते बगितलं आनि तवाच मनात घेतलं, की आपुन गावाकडं घर बांधलं की बैठकीत फायरप्लेस पाह्यजेच.

आत्तींनी, म्हंजी माज्या सासूबाईंनी, ऐकलं आनि म्हनाल्या, चूल सैपाकघरातनं घालवून गॅस आनला आनि आता बैठकीत चूल मांडतूयस व्हय रं? पर ल्योक म्हनंल तसं.

आष्ट्याकडनं एक मिस्त्री आनला. मालक भट्टीवरचं मानूस, त्यास्नी आगीचं समजतं, तरी दोगं मिळून मोबाइलवर बगून बगून करत बसायची. आतनं भट्टीच्या विटा लावल्या. म्होरं दगडी फरशी, ठिनगी उडाली तर सतरंजीवर पडू नये म्हनून. लाकडी कपाट लांब सरकवलं. वर स्लॅबातनं धुराडं काडलं, ते गच्चीच्या वर उभ्या मानसाच्या डोक्याच्या बी वर गेलं. मिस्त्री म्हनला उंच पाह्यजे, न्हाईतर वारं धूर परत आत ढकलतं. आनि भिंतीत खाली, जमिनीलगत, एक भोक ठेवलं बाहेरची हवा आत यायला. त्यो मला समजावून सांगत हुता, वैनी आगीला बी श्वास लागतो, हे भोक बुजवायचं न्हाई बरं का. मी व्हय म्हनलं. तवा मला सातवा म्हैना चालू हुता, माजं ध्यान कमरेच्या दुखन्यात.

कागद पेटवून बगितला, धूर सुरकन वर गेला. मालक लय खूश. गावात मात्र चेष्टा, धुराडं साखर कारखान्यागत दिसतंय म्हनून. आमच्या शेजारच्या नंदाकाकू, त्यांची जीभ म्हंजी चाबूकच, रोज दारातनं जाताना इचारायच्या, "आवं, मोळी कवा हाय? आमचा दोन गाडी ऊस घ्या की तुमच्या कारखान्याला." एकजन म्हनला चिमनी म्हंजी आमच्यात घासलेटची असती, एवडी मोठी कशाला. पर जाता-येता सगळी त्या धुराड्याकडं माना वर करून बगायची. सगळी म्हंजी सगळी... एसटीतली मान्सं सुदिक.

आत्तींच्या डोक्यात त्येच बसलं. एवडी नजर आपल्या घरावर!

मग पोरगी झाली. माजी आई मी लहान असतानाच गेली, म्हनून बाळंतपन सासरीच. आत्तींनी माजं लय केलं, खोटं कशाला बोलू... डिंकाचं लाडू, आळीव, दोन टाइम अंगाला तेल. पर एक हुतं, वारं लागू द्यायच्या न्हाईत. डोक्याला फडकं, कानात बोळं, खिडक्या बंद. थंडी बी तसलीच पडलेली. मला आनि बाळाला त्यांनी बैठकीत हलवलं. म्हनाल्या, त्या भिंतीतल्या चुलीचा तेवडा तरी उपेग हुईल, शेक चांगला बसंल. पयला खरा जाळ ल्योक संक्रांतीला पूजा करून लावनार हाय त्यो लावू दे, आपुन नुसतं इंगळ ठेवू.

इंगळ म्हंजी निखारं. मागल्या चुलीतनं लालभडक निखारं घमेल्यात घेऊन यायच्या, त्या फायरप्लेसमधी वतायच्या, त्यावर ओवा, शेपा, वावडिंग टाकायच्या, आनि बाळाला पालथं धरून धुरी द्यायची. बाळंतिनीच्या घरात ह्यो वास असतोच, तुमास्नी म्हाईत हाय. त्यामुळं जरा धूर कोंडला तरी कुनाला काय वाटंना. धुरीचाच धूर असनार की.

त्या दिवशी मालक विट्याला गेलते सामान आनाय. सकाळी आंघोळी झाल्या, शेक झाला. आत्तींनी नेहमीपरास जास्त इंगळ वतलं, कारन बाळाला शिंका येत हुत्या. मग दाराखाली गोधडी गुंडाळून लावली, खिडकीच्या फटीत फडकी कोंबली, आनि म्हनाल्या, "झोप आता. मी दळन टाकून येते. मांजर शिरंल म्हनून बाहेरनं कडी लावते."

कडी लावल्याली मी ऐकली. उबंनं इतकं बरं वाटत हुतं... बाळ कुशीत. डोकं जरा जड हुतं, मला वाटलं रातभर जागरान झालंय.

मग मला बाजार दिसाय लागला. कोरेगावचा बाजार, माज्या माहेरकडला. मी लहान हाय, कुनाचा तरी पदर धरलाय, आनि ती बाई मडकी वाजवून बगतीया. बायका बगत्यात तसं, बोटाच्या सांध्यानं. भद... भद... त्यो तडा गेल्याला आवाज. एक ठेवती, दुसरं घेती. भद. मला कटाळा आलाय, पाय दुखत्यात, खाली बसावं वाटतंय, पर पदर सोडवंना. आनि ती वाजवायची काय थांबंना.

मग मला जाग आली. आनि आवाज तसाच चालू.

तुमास्नी कसं सांगू... डोळं उघडं हायत, वरचा पंखा दिसतोय, बाळ कुशीत हाय, आनि फायरप्लेसच्या आतनं, वरनं खाली, धुराड्यातनं येतंय — भद. भद भद. भद. मला भ्या वाटलं न्हाई बगा, मला राग आला. बाळ झोपलंय आनि कोन गच्चीवर ठोकतंय. "कोन हाय गं?" म्हनाय गेले तर तोंडातनं आवाजच निगंना. जीभ लाकडागत. उठाय गेले तर पाय माजं न्हाईतच. डोक्यात घन घालत्यात असं. आनि बाळाकडं बगितलं... बाळाचं ओठ लालबुंद, आनि ती हलवून बी उठंना. तिची मान नुसती हिकडची तिकडं पडायची.

तवा मला भ्या वाटलं.

कसं गेले मला म्हाईत न्हाई. बाळाला छातीशी धरून ढोपरावर, कोपरावर, दारापतूर. दार ढकललं, बाहेरनं कडी. एवडंच मनात आलं की आता मी हितंच आडवी हुईन, आनि माज्या अंगाखाली ती पोर. आनि वरनं ते भद भद, आता लय जोरात, एकसारखं, जसं कोन म्हनतंय उठ, उठ, उठ. मी खिडकीकडं वळले. फडकी उपसली, खिटी सरकंना, पाट घेतला — बाळाच्या शेकाला घेतल्याला लाकडी पाट — आनि काच फोडली. गार वारं आलं तोंडावर. ज्या वाऱ्याला म्हैनाभर सगळी भ्यालो हुतो, त्या वाऱ्यात मी बाळाचं तोंड गजाला लावून धरलं.

आवाज थांबला. काच फुटली आनि तिकडचं ठोकनं तिथंच थांबलं.

बाळ रडंना. मी तिच्या तळपायाला चापट्या मारल्या... मग एकदम तिनं श्वास वडला, खोकली, आनि असला टाहो फोडला! आयुष्यात तसलं ग्वाड गानं मी ऐकलं न्हाई.

तेवड्यात नंदाकाकू आमच्या अंगनातच हुत्या. त्यांनी पळत येऊन कडी काडली, बाळ घेतलं, मला बगलंत धरून बाहेर वडलं. मी अंगनात भडाभडा वकले. काकूंच्या पोरानं गाडी काडली. आदी विट्याला नेलं, तिथनं मिरजेला धाडलं. बाळाला, मला, दोगीस्नी नळीनं हवा दिली. आत्ती दवाखान्याच्या जिन्यात बसल्या त्या उठंनाच, हातात दळनाची पिशवी तशीच. डाक्टरीनबाई म्हनाल्या, निखाऱ्याचा इषारी वायू, त्याला ना वास ना रंग, मानूस झोपंतच जातंय. "अजून थोडा वेळ गेला असता तर..." म्हनल्या. मग बाळाच्या गालाला हात लावून म्हनल्या, "नशीबवान आहे. जा आता घरी, आणि तिला मोकळी हवा द्या."

हितपतूर इस्वास न ठेवन्यासारखं काय न्हाई. मी बी म्हनले आसते, इषारी वायूनं डोकं फिरलं, कानात आवाज झाले. मालक तेच म्हनत हुते.

पर घरी आल्यावर नंदाकाकू पोरीला बगाय आल्या. मी इचारलं, काकू, तुमी अंगनात कशा काय हुता त्या टायमाला? तर त्या म्हनल्या, "आगं, तुमच्यात कोन मडकी वाजवतंय म्हनून मी बगाय आल्ते. एवडा येळ कोन मडकं बगतंय, घ्यायचं तर घे न्हाईतर सोड, असं म्हनाय आल्ते."

मी त्यास्नी मडक्याचं एक अक्षार बोलले नव्हते. कुनालाच बोलले नव्हते.

आत्ती तिथंच बाळाचं लंगोट घडी घालत हुत्या. त्यांचा हात थांबला. त्या बोलल्या, ते मी अजून विसरले न्हाई.

"मडकं मीच घातलंय," त्या म्हनल्या. "धुराड्यावर. पालथं."

नजर लागू नये म्हनून. रंगारी शिड्या घेऊन आल्ता, त्या गड्याला सांगून आत्तींनी एक जुनं मडकं काजळ फासून धुराड्याच्या तोंडावर बसवून घेतलं हुतं. ल्येकाला सांगितलं न्हाई, त्यो हसला असता म्हनून. आनि भिंतीतलं ते हवेचं भोक? ते बी त्यांनीच बाहेरनं बुजवलं हुतं, आपल्या जुन्या लुगड्याचा बोळा करून. बाळंतिनीला खालनं वारं लागतंय म्हनून. माय माऊली दोन्ही कामं आमच्या मायेपोटीच करून बसली हुती... मला काय राग आला न्हाई. त्या भिंतीला डोकं टेकून रडत हुत्या, मीच त्यास्नी पानी दिलं.

मालकांनी मिस्त्रीला बोलवून घेतलं, शिडी घेऊन ये म्हनलं, कारन आमच्याकडं तेवडी शिडी न्हाई आनि शिडीबगार त्या तोंडाला हात पोचत न्हाई. मी बी बाळाला घेऊन जिन्यानं गेले. गच्चीच्या दाराला आतनं खिळ लावलेली, आत्तींनीच लावल्याली, नव्या रंगानं चिकटून घट्ट झाल्ती. मिस्त्रीनं हातोडीनं काडली.

धुराड्यावर मडकं न्हाई.

खाली हुतं. धुराड्याच्या सावलीत, गच्चीवर, सुलट. तोंड वर. आतनं धुरानं काळं गोल वळं उमटल्यालं, म्हंजी ते वर बसल्यालं हुतं ह्यात शंका न्हाई. कुठं टवका न्हाई. आनि मडकं नुसतं टेकवलं नव्हतं — चुंबळीवर ठेवलं हुतं. डोक्यावर घागर घेताना फडक्याचं वळं करत्यात न्हाई का, ती चुंबळ. लुगड्याच्या तुकड्याची.

आत्तींनी तुकडा वळखला. त्यांचंच लुगडं, भोकातला बोळा. मालक पळत खाली गेले बगाय. भोक मोकळं हुतं. आरपार उजेड.

मिस्त्री आपला बगतोय. म्हनला, वाऱ्यानं पडलं असतं तर खापऱ्या झाल्या असत्या. मालक म्हनले माकड असंल. मिस्त्री म्हनला, सायेब, माकड चुंबळ करतंय व्हय?

मग कोन? दार आतनं बंद. शिडी न्हाई. घरात मी, बाळ, आनि बाहेरनं कडी.

आत्तींनी ती चुंबळ हातात घेऊन फिरवून फिरवून बगितली आनि म्हनल्या, पीळ उलटा हाय. आपुन डाव्या हातावर गुंडाळतो, उजव्यानं फिरवतो. ही उजव्यावर गुंडाळल्याली हाय. डावऱ्या बाईची हाय ही.

आनि मग आमची सासू कामाला लागली. गल्लीतल्या एकेका बाईला कायतरी निमित्त काडून घरात बोलवायची आनि हातात फडकं द्यायची, म्हनायची, जरा चुंबळ करून दे गं, माजी बोटं दुखत्यात. सगळ्या बायका करून देऊन चा पिऊन गेल्या. आमच्यात आता चुंबळींचा ढीग हाय. सगळ्या एकाच पिळाच्या. नंदाकाकू म्हनल्या, "आवं, कारखाना बंद पडला म्हनून आता चुंबळीचं दुकान काडलंय व्हय?" तवा कितीतरी दिसांनी आत्ती हसल्या.

मला मात्र एक गोष्ट खात हुती. त्यो बाजार. ज्या पदराला धरून मी उभी हुते... मी तोंड बगितलंच न्हाई त्या बाईचं. आईचा मला चेहरा बी नीट आठवत न्हाई, नुसता एक फोटू हाय, त्यात तिचं दोन्ही हात पदराखाली हायत.

म्हनून मी आबांना फोन लावला. माजं वडील पलटनीत हुते, आता रिटायर होऊन गावाकडं असत्यात. सगळं सांगितलं न्हाई, नुसतं इचारलं, आबा, आई डावरी हुती का?

त्यांनी मला परत एकदा इचाराय लावलं. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हनले, "बाळा, मी वर्सातनं एकदा यायचो. तिनं मला ताट वाढल्यालं आठवतंय. कुठल्या हातानं वाढलं ते मी बगितलं न्हाई."

आनि फोन ठिवला. मामाला इचारलं, त्याला बी सांगता येईना. तिच्यासंगट पान्याला जानाऱ्या दोन बाया हुत्या, त्या आता न्हाईत. एक मानूस एवडं राबून गेलं आनि कुठल्या हातानं राबलं ते कुनालाच म्हाईत न्हाई.

 तर ती माजी आई हुती का दुसरी कोन, का अजून कायतरी हाय जे आपल्याला कळत न्हाई. तुमच्यातलं कोन शिकल्यालं असंल त्यांनी सांगा, मी वाचीन. मालकांनी मला इचारलं बी, फोडून टाकू का हे सगळं? मी न्हाई म्हनलं. त्या आगीचा काय गुन्हा न्हाई, आमीच तिचं नाक-तोंड बांदून ठेवलं हुतं. मिस्त्रीनं धुराड्यावर पायावर उचललेली पत्र्याची टोपी बसवली, पावसाचं पानी आत येत न्हाई आनि धूर चारी बाजूनं जातो. भोकाला जाळी लावली. भिंतीवर एक डबी बसवली, वायू साठला की बोंबलती, एकदा उगंच बोंबलली तर आत्ती बाळाला घेऊन थेट देवळात जाऊन बसल्या. मडक्याच्या बदली नजरंची काळी बावली आता फाटकाला टांगलीया, ती बी मिस्त्रीला फोन करून, "हितं चालंल का रं बाबा?" इचारून. आनि निखारं खोलीत आनायचं बंद. बाळंतिनी-लेकुरवाळ्या जी कोन वाचत असतील, त्यांच्या पाया पडते, शेक घ्या पर खिडकी उघडी ठेवा. थंडी वाजंल. वाजू द्या.

संक्रांतीला पयला जाळ लावला. पोरगी मांडीवर, टकामका बगत हुती. लावायच्या आदी मी गच्चीवर जाऊन आले. ते मडकं तिथंच ठेवलंय, त्याच चुंबळीवर, आत चिमन्यांला पानी. मी चुंबळ सोडून बगितली न्हाई. मला तसला पीळ घालता येनार न्हाई परत.

एकच गोष्ट मनात येत राहती. मडकं फेकून दिलं असतं तरी धुराडं मोकळं झालंच असतं, ते सोपं हुतं. पर नव्या फरशीवर मडकं फुटलं असतं तर केवडा आवाज झाला असता. जे कोन हुतं, त्यानं ते अलगद उतरवलं, खाली चुंबळ घातली, मगच टेकवलं. खाली तान्हं झोपलंय हे त्याला म्हाईत हुतं.

उठली बगा. जाते.